छत्तीसपैकी पंचवीस

मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि त्यातली अठरा वर्षं बोर्डाच्या पेपरांचा नियामक होतो. नियामक म्हणजे परीक्षकावरचा परीक्षक. परीक्षक लाल शाईने पेपर तपासतो, मग त्यातले काही नियामकाकडे येतात आणि तो हिरव्या शाईने ते पुन्हा बघतो. लाल शाईचं काही चुकलं असेल तर हिरवीने बदलायचं, आणि हिरवीचं सहसा कुणी बदलत नाही. एका वर्षी एका बाईंनी दया येऊन कुणाला तरी काठावर पस्तीस दिले होते. मी उदाहरणं पाहिली, बेरीज तेहेतीस होत होती, मी तेहेतीस केले. बाई म्हणाल्या, "सर, दोन मार्कांनी जाईल हो." मी म्हणालो, "दोन मार्कांनी नाही बाई, सदुसष्ट मार्कांनी. तेवढे त्याला आलेले नाहीत." हा किस्सा मी शिक्षकांच्या खोलीत बरीच वर्षं सांगितला आणि लोक हसत असत. हल्ली सांगत नाही.

घरातही हीच पद्धत होती. बायकोचा रजेचा अर्ज असो, सोसायटीला द्यायचं पत्र असो, मुलीचा शाळेतला निबंध असो, लिहिणारा कुणीही असला तरी पाठवण्याआधी कागद माझ्या टेबलावर यायचा. बायको सरकारी कचेरीत कारकून, स्वतः दिवसभर कागदच लिहायची, पण तिचाही कागद यायचा. "वाण्याची यादी तेवढी राहिली तपासायची," असं ती एकदा म्हणाली. मी तीही पाहिली. हळद दोनदा लिहिली होती.

आम्हाला एकच मुलगी. हुशार, पण हळू. हळू म्हणजे मंद नव्हे, हे मला समजायला फार उशीर झाला. शिक्षकाच्या डोक्यात हे दोन शब्द शेजारी शेजारी राहतात. ती आठवीत असताना शाळेच्या प्रकल्पासाठी मुठेचं पाणी बाटलीत भरून घेऊन आली. प्रकल्प आठवड्यात संपला, बाटल्या संपल्या नाहीत. पूल बदलायचा, महिना बदलायचा, धरणातून पाणी सोडलं की पुन्हा एक बाटली. त्या सगळ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. गाळ खाली बसायला तीन दिवस लागले की साडेतीन, हे ती वहीत लिहायची. बायको म्हणायची, "अगं, निदान फोडणीच्या वासापासून तरी लांब ठेव." मी म्हणायचो, "राहू दे. घरात एक तरी माणूस गाळात रस घेणारं हवं." तेव्हा मुलगी हसायची. तेव्हा माझं बोलणं तिला लागत नसे, किंवा लागलेलं ती दाखवत नसे.

अकरावीत तिने ठरवलं की तिला नद्यांचाच अभ्यास करायचा. अमेरिकेतलं एक लहानसं कॉलेज तिने शोधून काढलं होतं. तिथे नदी, गाळ, पूर एवढंच शिकवणारा एक विभाग होता आणि पहिल्या वर्षापासून मुलांना नदीत उतरवत. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरच जाणं शक्य होतं आणि ते कॉलेज दरवर्षी थोड्या परदेशी मुलांना ती देत असे. जोडीला तशाच आणखी तीन कॉलेजांची नावं होती, पण तिचा जीव त्या एकात होता. त्या कॉलेजच्या नदीचा नकाशा तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. दार उघडलं की कपड्यांच्या आधी नदी दिसायची.

या कॉलेजांना दोनपैकी एक परीक्षा चालते. एकीला सॅट म्हणतात, दुसरीला ॲक्ट. कुठली द्यायची ते आपण ठरवायचं. फर्ग्युसन रस्त्याच्या एका गल्लीत परदेशी प्रवेशाचा सल्ला देणारी एक तरुण मुलगी बसायची, तिच्याकडे आम्ही गेलो. तिने माझ्या मुलीला दोन्ही परीक्षांचा सराव पेपर सोडवायला लावला आणि आठवड्याने आम्हाला बोलावलं.

"काका, शी इज अ क्लिअर सॅट कँडिडेट," ती म्हणाली. "सॅटमध्ये प्रश्न कमी आणि वेळ जास्त आहे. हिला विचार करायला वेळ लागतो, पण केला की चुकत नाही. ॲक्ट म्हणजे स्पीड आहे. नुसत्या वाचनाच्या भागात पस्तीस मिनिटांत चाळीस प्रश्न. दॅट इज नॉट हर."

सरावात सॅटचे सोळाशेपैकी चौदाशे ऐंशी होते, ॲक्टचे छत्तीसपैकी सव्वीस. आकडे समोर होते. एखाद्या पालकाने मला हे आकडे दाखवून विचारलं असतं तर मी एका वाक्यात उत्तर देऊन त्याला घरी पाठवलं असतं. पण मी विचारलं की या सॅटचा पेपर असतो कसा. ती मुलगी उत्साहाने सांगायला लागली. परीक्षा संगणकावर होते. पहिला भाग साधारण सगळ्यांना सारखा, मग त्यात तुम्ही काय केलं ते बघून मशीन दुसरा भाग ठरवतं. चांगलं केलं तर कठीण पेपर, नाही केलं तर सोपा.

"म्हणजे तोंड बघून पेपर," मी म्हणालो.

"नाही काका, अडॅप्टिव्ह असतं ते. इट्स फेअर, ॲक्चुअली."

"आणि सोप्या पेपरवाल्याला सगळं बरोबर आलं तर?"

"त्याला टॉपचा स्कोअर नाही मिळत."

"मग त्याला हॉलमध्ये बसवून ठेवता कशाला? पहिल्या अर्ध्या तासातच घरी पाठवा."

माझी मुलगी टेबलाच्या कडेकडे बघत होती. मी उठलो. आयुष्यभर मी एका गोष्टीसाठी भांडलो होतो, सगळ्यांना एकच पेपर. कुणाच्या ओळखीचा निघाला म्हणून, कुणाचा हात मोडला म्हणून, कुणाच्या घरी कुणी गेलं म्हणून पेपर बदलत नाही. आणि इथे मशीनच मधल्या वेळेत मुलाची लायकी ठरवून पेपर बदलणार. खाली रस्त्यावर आल्यावर मी निकाल दिला: ॲक्ट.

"बाबा, पण मला सॅट जमते," ती म्हणाली.

"जमते ती परीक्षा नव्हे. परीक्षा सगळ्यांसाठी सारखी असते."

"ॲक्टमध्ये माझं वाचून होत नाही."

"मग वाचायला शीक. सतरा वर्षांची आहेस."

दुसऱ्या दिवशी मी बुधवार पेठेत जाऊन ॲक्टची दोन जाडजूड पुस्तकं आणली, एक नवं आणि एक कुणीतरी वापरलेलं. वापरलेल्यातली उत्तरं खोडरबराने पुसायला मला चार संध्याकाळी लागल्या. मुलीसाठी एवढं करणारा बाप कुठे मिळतो, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं.

मग तीन महिने सराव. मी समोर घड्याळ घेऊन बसायचो. पस्तीस मिनिटं झाली की पेन खाली. ती सव्विसाव्या, सत्ताविसाव्या प्रश्नावर असायची आणि तोवरचे सगळे बरोबर असायचे. बाकीच्या प्रश्नांवर तिची नजर पोहोचलेलीच नसायची. "उरलेल्यांवर अंदाजाने खुणा कर, चुकीला इथे मार्क कापत नाहीत," असं पुस्तकात लिहिलं होतं. मी तेही तिला करू दिलं नाही. न वाचलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. एकदा तिने उताऱ्यातल्या एका वाक्याबद्दल मला काहीतरी विचारलं, म्हणाली की लेखकाने इथे बरोबर उलट लिहिलंय, पुढच्या आकड्यांशी जुळत नाही. मी घड्याळ दाखवलं. तिचं म्हणणं खरं होतं की खोटं, ते मी आजवर पाहिलेलं नाही.

परीक्षा खराडीकडच्या एका केंद्रात झाली. रिक्षातून परत येताना मी विचारलं, "वाचनात किती राहिले?"

"नऊ."

"खुणा केल्यास?"

"तुम्ही नको म्हणाला होतात."

दोन आठवड्यांनी निकाल लागला. छत्तीसपैकी पंचवीस. आता मी काय केलं ते लिहितो. मी त्याचे टक्के काढले. असा टक्का काढायचा नसतो, त्या परीक्षेत गुणांची पद्धतच वेगळी आहे, हे मला माहीत होतं. एकतीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला तेवढं कळतं. तरी काढले.

"एकोणसत्तर पूर्णांक चार," मी जेवायच्या टेबलावर म्हणालो. "फर्स्ट क्लास आहे. पेढे आणायचे की फुटाण्यांवर भागवायचं?"

बायकोने आमटीचा डाव पातेल्यात तसाच सोडला. मुलगी जेवत राहिली. भात संपवला, ताक प्यायली, ताट उचलून नेलं. माझ्या घरात पानात टाकून उठायचं नाही असा नियम होता आणि तिने तो पाळला.

त्या आठवड्यात तिने विचारलं की सॅटची अजून एक तारीख आहे, देऊ का. मी म्हणालो, "फेरपरीक्षा नापासांसाठी असते. तू तर फर्स्ट क्लासमध्ये आहेस." तिने पुन्हा विचारलं नाही. ती तारीख निघून गेली.

पण एक वाट अजून उघडी होती आणि ती त्या सल्लागार मुलीनेच दाखवली. ही चारही कॉलेजं गुण मागतच नव्हती. द्यायचे तर द्या, नको तर नका देऊ. अर्जात सरळ प्रश्न होता, गुण कळवू इच्छिता का, हो की नाही. नाही म्हटलं तर ते गुणांशिवाय अर्ज वाचत. बाकी सगळं पाहत, शाळेतले गुण, शिक्षकांची पत्रं, निबंध. "पंचवीस आहे तर पाठवायचाच नाही," ती मुलगी फोनवर म्हणाली. "हिचा एसे ब्रिलियंट आहे काका. लेट देम रीड दॅट."

निबंध मी वाचला होता, अर्थातच. मुठेच्या बाटल्यांबद्दल होता. पाणी स्वच्छ दिसायला लागतं तेव्हा त्यातली सगळी माहिती तळाशी गेलेली असते, म्हणून आपण वरचं पाणी ओतून देतो आणि तळ ठेवतो, असं काहीतरी तिने लिहिलं होतं. मी त्यात अकरा स्वल्पविराम दुरुस्त केले. निबंध चांगला आहे हे मला कळलं होतं. तिला मी तसं म्हणालो नाही. म्हणालो, "स्वल्पविरामांकडे लक्ष दे."

गुण न कळवण्यावर घरात वाद झाला. मी म्हणालो, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. ती म्हणाली, "बाबा, ते स्वतःच विचारतायत, सांगायचंय का म्हणून. नाही म्हणणं म्हणजे लपवणं नाही."

"ज्याला चौतीस पडलेत तो 'नाही' म्हणेल का?"

"नाही म्हणणार."

"मग 'नाही'चा अर्थ त्यांना कळतो. लपवलेलंही दिसतं आणि लपवणाराही दिसतो."

"दिसू दे. तो त्यांचा नियम आहे. तुम्हाला नियम आवडतात ना?"

मी म्हणालो, तुझा अर्ज, तुझी मर्जी. तिला ते खरं वाटलं.

अर्ज पाठवायची मुदत तिकडच्या मध्यरात्री संपत होती, म्हणजे आपल्या सकाळी साडेदहाला. आदल्या संध्याकाळी तिने सगळा अर्ज पूर्ण केला. सकाळी तिची कॉलेजात रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल परीक्षा होती, आठलाच निघायचं होतं. ती निघण्याआधी मी खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो आणि ती स्वयंपाकघरात आईशी बोलत होती. आवाज हळू होता, पण आमचा फ्लॅट काही महाल नाही.

"ती परीक्षा माझी नव्हतीच, आई. बाबांची होती. त्यांच्या परीक्षेत मला पंचवीस पडले."

आई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मग मुलगी माझ्याकडे आली, लॅपटॉप टेबलावर ठेवला. "बाबा, एकदा वाचून घ्या. स्पेलिंग वगैरे बघा आणि दहाच्या आत सबमिट करा. प्लीज बाकी काही हलवू नका." आणि सॅक पाठीला लावून ती गेली. घरची रीतच तशी होती. शेवटची नजर माझी. एवढं सगळं होऊनही ती रीत मोडावी असं तिला वाटलं नाही, किंवा ती मोडली तर मी दुखावेन असं वाटलं असेल.

मी साडेआठला बसलो आणि सगळं वाचलं. चूक नव्हती. नाव, पत्ता, शाळा, निबंध, स्वल्पविरामांसकट. गुण कळवू इच्छिता का, नाही. शेवटच्या पानावर प्रतिज्ञा होती: दिलेली माहिती माझी स्वतःची, खरी आणि प्रामाणिकपणे मांडलेली आहे. खाली तिचं नाव टाइप करायचं होतं. मी 'प्रामाणिकपणे' या शब्दापाशी थांबलो. तो शब्द मला फार सोयीचा होता.

पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होतो की त्या शब्दामुळे केलं. नियामकाने खरं तेवढंच ठेवायचं असतं, वगैरे. पण मी त्या सकाळी बसलो होतो तेव्हा माझ्या कानात प्रतिज्ञा नव्हती, स्वयंपाकघरातलं वाक्य होतं. मला तिचा राग आला होता. सतरा वर्षांच्या मुलीने मला नापास केलं होतं, तेही आईजवळ, हळू आवाजात. मी मागे गेलो, 'नाही'चं 'हो' केलं, चौकट उघडली, तिच्यात पंचवीस लिहिले. तारीख विचारली, तारीख टाकली. मग शेवटच्या पानावर तिचं नाव टाइप केलं आणि एकामागून एक चारही कॉलेजांना अर्ज पाठवला. दहाला पाच मिनिटं कमी होती. वेळेच्या आत काम केल्याचं समाधानही मला झालं.

दुपारी तिने फोन करून विचारलं, "गेला का?" मी म्हणालो, "गेला." हे खरंच होतं.

मार्चच्या शेवटी उत्तरं आली. दोन कॉलेजांचा नकार. एकाचा होकार, पण शिष्यवृत्तीशिवाय, म्हणजे आमच्यासाठी नकारच. आणि ज्याच्यात तिचा जीव होता त्याचं पत्र सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत गोड भाषेत. अर्ज फार चांगले आले, जागा फार थोड्या होत्या, तुम्हाला शुभेच्छा. ते पत्र तिने उभ्यानेच वाचलं आणि मग कपाटाचं दार उघडून नकाशा काढला. सेलोटेपबरोबर दाराचा थोडा रंगही निघाला.

गुणांमुळेच नकार आला असं मी म्हणू शकत नाही. गुण नसते तरी कदाचित आला असता. हे 'कदाचित' मी बरेच दिवस खिशात घेऊन फिरलो. शिक्षक म्हणून मी हजारो मुलांना सांगितलं आहे की पुरावा नसेल तर उत्तर धरलं जात नाही, आणि इथे मी स्वतःच बिनपुराव्याचं उत्तर स्वतःला लिहून देत होतो.

मे महिन्यात इथल्याच एका कॉलेजने भूगर्भशास्त्राच्या प्रवेशासाठी स्वतःबद्दल एक पान लिहून मागितलं. तिला मुठेचा निबंध वापरायचा होता, म्हणून तिने पाठवलेल्या अर्जाची प्रत उघडली. मी समोरच सोफ्यावर होतो. ती पानं खाली सरकवत होती, मग थांबली. थोडी वर गेली, पुन्हा खाली आली. सरावात ज्या वेगासाठी मी तिच्यावर घड्याळ लावलं होतं त्याच वेगाने, म्हणजे अगदी सावकाश, तिने ते पान वाचलं.

"बाबा, इथे पंचवीस लिहिलंय."

मी म्हणालो, "हो."

"मी नाही लिहिलं होतं."

"मी लिहिलं."

"कधी?"

"पाठवायच्या आधी. तपासताना."

ती रडेल, ओरडेल, काहीतरी फेकेल, यातल्या कशाचीही मी तयारी केली होती. प्रतिज्ञा, प्रामाणिकपणा, सगळी उत्तरं तयार होती. तिने फक्त विचारलं, "चारही ठिकाणी?"

"चारही ठिकाणी."

"बरं," ती म्हणाली. मग तिने निबंध तेवढा वेगळा काढून घेतला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तो अर्ज माझ्या टेबलावर आला नाही. त्यानंतर तिचा कुठलाच कागद आला नाही.

बायकोला त्या संध्याकाळी कळलं. ती कचेरीतून आली, मुलीच्या खोलीत गेली, अर्ध्या तासाने बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तीस वर्षांत ती माझ्यावर आवाज चढवून बोललेली मला आठवत नाही, तेव्हाही चढवला नाही.

"अहो, तुम्हाला सारखं कुणालातरी नापास करायला लागतं. रिटायर झालात, बाहेरचं कुणी मिळेना, म्हणून घरातलं घेतलंत."

मी म्हणालो, "मी खोटं काही लिहिलेलं नाही."

"नाही लिहिलंत. खऱ्यानेच नापास केलंत, तेच तर म्हणतेय मी." आणि ती कुकर लावायला गेली.

मुलगी पुण्यातच शिकते. भूगर्भशास्त्र. घरातच राहते, माझ्याशी नीट बोलते. चहा हवा का, औषध घेतलंत का, छत्री न्या. कुणी पाहुणा आला तर म्हणेल, काय गुणी मुलगी आहे. पण तिच्या अभ्यासातलं एक अक्षर मला कळत नाही. कुठले विषय आहेत, परीक्षा कधी, सहल कुठल्या नदीवर गेली, काही नाही. विचारलं तर "ठीक चाललंय" म्हणते. पहिल्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा तो लागल्याचंही मला आठवड्याने समजलं, बायकोच्या फोनवरच्या बोलण्यातून. बायकोला आकडा माहीत होता. मी तिला विचारला. ती म्हणाली, "तिला विचारा." तिला विचारायची माझी छाती झाली नाही.

त्याच आठवड्यात जिन्यात खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर भेटले. आमच्या पेठेत कुणाच्या निकालाची चौकशी करणं हे तब्येतीची चौकशी करण्यासारखंच आहे, उत्तर न देणाऱ्याला काहीतरी झालंय असं धरतात. "काय मास्तर, कन्येचा निकाल लागला म्हणे. किती?"

मला माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. ते मला जमलं नाही. मुलीच्या निकालाचा आकडा माहीत नसलेला गणिताचा मास्तर, हे त्यांच्या तोंडावर उमटलेलं मला बघवलं नसतं. आणि आकडा कमी असेल अशीही धास्ती होती.

"हल्ली ते दहापैकी असतं," मी म्हणालो. "नऊ पूर्णांक एक."

"वा," ते म्हणाले. "शेवटी रक्त कुणाचं."

दुसऱ्या दिवशी मुलगी कॉलेजातून आली तेव्हा तिच्या हातात कागदात गुंडाळलेला पेढा होता. तिने चपला काढल्या, पेढा टेबलावर ठेवला, माझ्या टेबलावर.

"खालच्या काकांनी दिला. नऊ पूर्णांक एकबद्दल."

मी पेपरची घडी घालत राहिलो.

"कुठून आणलात हा आकडा?"

"अंदाजाने," मी म्हणालो. "त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. माहीत नाही असं सांगायची लाज वाटली."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. बाटलीकडे बघायची तशी, काय खाली बसतंय त्याची वाट बघत.

"मग सांगायचं नाही, बाबा. तशी मुभा असते."

ती हात धुवायला आत गेली. मी तिच्या पाठीमागे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि शेवटी विचारलं, की खरे किती पडले. तिने नळ सोडला, साबण लावला, सावकाश हात धुतले, पंच्याला पुसले आणि माझ्या बाजूने बाहेर निघून गेली. ते मला आजही माहीत नाही.